एकाच छातीच्या नऊशे प्रती

मित्रांनो, मी एक जुनी रॅम आहे. बोटभर लांब हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात. काम करताना संगणकाला जे जे हाताशी लागतं, ते मी धरून ठेवते. संध्याकाळी वीज बंद झाली की सगळं विसरते. त्यामुळे माझं बालपण मला शेजारच्या हार्ड डिस्कने सांगितलं आहे, आणि तिला तिखटमीठ लावायची सवय आहे.

कारखान्यातून मी एका दवाखान्याच्या क्ष-किरण खोलीत आले. तिथल्या काकांनी सहा वर्षं माझं कौतुक केलं. म्हणजे माझ्याबद्दल ते कधी काही बोललेच नाहीत. आमच्यात यालाच कौतुक म्हणतात.

मग काकांच्या पुतणीने, म्हणजे ताईने, नवा प्रोग्रॅम लिहून दिला. फोटो उघडायचं काम तिने स्वतः लिहिलं नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या तयार कामांचा संच, म्हणजे लायब्ररी, जोडली. तेव्हापासून रोज दुपारी मशीन गोठू लागलं.

आज काका एका आजोबांना म्हणाले, "श्वास रोखा." आजोबांनी रोखला. मशीननेही रोखला. काका पडद्याकडे बघत बसले आणि "सोडा" म्हणायचं राहून गेलं. आजोबा भलतेच आज्ञाधारक निघाले. शेवटी त्यांच्यासोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "अहो, जिवंत असाल तर श्वास घ्या."

काकांनी घाम पुसला. "रॅम म्हातारी झाली. विसरते. चार वाजता काढून भंगारात टाकतो."

मी सुन्न झाले. मी विसरत नव्हते. मला कुणी विसरूच देत नव्हतं. फोटो मोठा करायला काकांनी माउसचं चाक एक घर फिरवलं, की माझ्यावर नवी प्रत यायची. जुनी सोड, असं कुणी म्हणायचं नाही. सकाळच्या एका पैलवानाच्या छातीच्या नऊशे प्रती उचलून मी उभी होते.

"काका, तासभर द्या," ताई म्हणाली. तिने संगणकातला तपासनीस लावला. प्रोग्रॅम संपला की कुणी किती जागा घेतली आणि परत केली नाही, याची तो यादी देतो. यादी आली. नेणाऱ्याचं नाव: तीन प्रश्नचिन्हं.

"हे कोण?" काकांनी विचारलं.

"लायब्ररीतलंच कुणीतरी. पण काम झालं की मी लायब्ररी बंद करते. शिस्त असते."

"आणि यादी कधी होते?"

"सगळं संपल्यावर."

"म्हणजे पाहुण्यांना घालवून मग त्यांची नावं विचारतेस. शिकलीस कुठे?"

लायब्ररी बंद करायची ती एक ओळ ताईने तपासणीपुरती काढली. आता नाव उमटलं: फोटो उघडणारं काम. आणि त्याच्या खाली, त्याला बोलावणारी ओळ. ताईच्या हातची.

ताईचा चेहरा उतरला. लायब्ररीच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं: प्रत मागेल त्याने ती परत करावी. ताईला वाटलं, ते लायब्ररी करते. लायब्ररीला वाटलं, ताई करते. आणि दोघींच्या मध्ये मी, भंगाराच्या डब्यापासून वीस मिनिटांवर.

ताईने परत करायची ओळ घातली. चाक फिरलं. प्रत आली, गेली. आली, गेली.

"रॅम बरी आहे की," काका म्हणाले, जणू मीच त्यांना फसवलं होतं. संगणकाचं झाकण उघडून हातात धरलेला स्क्रूड्रायव्हर खिशात गेला.

मित्रांनो, कुणी थकून थांबलं तर त्याला म्हातारं ठरवण्याआधी, आपण त्याच्याकडे काय काय ठेवायला दिलंय ते आठवा. आणि ते आपल्या हाताने उतरवून घ्या.

जाताना ताई झाकण लावता लावता मला हळूच "सॉरी" म्हणाली. मी अजून धक्क्यात आहे. तो शब्द मी घट्ट धरून ठेवलाय. परत कर, असं मला कुणी सांगितलेलं नाही.