सर्वपित्री होऊ दे

डोक्यातली गाठ काढल्यावर तीन आठवड्यांनी दौलतला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. किरणांचा शेक कुठे द्यायचा ते ठरवण्यासाठी तिथल्या लोकांनी त्याच्या चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा मुखवटा केला, त्यावर खुणा केल्या, स्कॅन काढलं. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपासून सुरू."

मी थोरला भाऊ. म्हटलं, "शनिवारी पितृपक्ष लागतोय. सर्वपित्री होऊ दे, देवी बसली की सुरू करू."

दौलतची बायको शीला म्हणाली, "भाऊजी, गाठ काय पंचांग बघून वाढते?"

मी खेकसलो, "घरात मोठा कोण आहे?" तिने फाइल पिशवीत घातली. दौलत तर मला कधी उलटून बोललाच नाही.

पितृपक्ष संपल्यावर गेलो. टेंभी नाक्यावर देवी बसली होती. औषधांनी दौलतचे गाल फुगलेले, मुखवटा चेहऱ्यावर बसेना. डॉक्टर भडकले, "तेव्हाचा नकाशा आज काय कामाचा?" नवं स्कॅन काढलं. गाठ परत आलेली, जुन्या खुणांच्या बाहेरपर्यंत पसरलेली.

तरीही शेक दिला. होळीच्या आदल्या दिवशी दौलत गेला.

वर्षश्राद्धानंतरच्या पितृपक्षात डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या पानाशेजारी त्याचं पान ठेवायचं होतं. शीला ते पान घेऊन जिना सावकाश चढत होती. मी वरून ओरडलो, "आटप गं, वेळ टळेल."

तिने पान खाली ठेवलं, पदराने हात पुसले.

"टळू दे, भाऊजी. आता त्यांना कसली घाई?"