पूजेतला घण

दारात परक्या बुटांचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी दाराकडं धावायची, आन् त्याला कारण आमचे मालक. रुद्रप्पा फिटर म्हटलं की गिरणीत सगळे ओळखायचे. दिवसभर यंत्रांशी झटून घरी यायचं, चहा घशाखाली उतरतोय न उतरतोय तवर अंगणात जाऊन गाडीखाली शिरायचं. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. एकदा वैतागून मी म्हटलं, "तुमचं ताट गाडीखालीच सरकवते!" तर म्हणतात कसे, "सरकव की."

गाड्या दोन. एकीचा नुसता सांगाडा, तिचे भाग काढून दुसरीला बसवायचे. ती दुसरी बार्शीच्या एका आडत्याच्या गोठ्यात पडून व्हती. आडत्या मेलेला, गाडीचे कागद कुटं गेले ते त्याच्या पोरांनाबी ठाऊक न्हाय. आमच्या शहाण्यानं तशीच घेतली, आन् बैलं जुंपून सोलापूरपर्यंत ओढत आणली. गल्ली हसून हसून लोळली.

श्रावणात म्युनिसिपालटीचा साहेब आला, तवा कुणी हसलं न्हाय.

"ही घरांची वस्ती आहे," साहेब म्हणाला. "इथं गॅरेज चालत नाही. शिवाय गाडीला नंबर नाही, कागद नाहीत. गाडी आणली कुठून?"

"गाडी कुटली साहेब?" मालक म्हणाले. "भंगार हाय. इकून टाकणार हाय."

साहेबानं दोन्ही गाड्यांभोवती चक्कर मारली. "भंगार असेल तर लवकर हलवा. मी पुन्हा येईन," म्हणाला आन् गेला.

एरवी मी त्याच्या नावानं बोटं मोडली असती. पण ते आणीबाणीचं साल. समोरच्या अण्णाराव मास्तरांना चहा पिताना उचललं व्हतं, कप तसाच राहिला. त्यांची बायको कमलम्मा डबा घेऊन रोज कचेऱ्या हिंडायची. मास्तर कुठल्या तुरुंगात हायत, जिवंत हायत का, कुणी सांगत नव्हतं. परत यायची तवा डबा तसाच भरलेला असायचा. मी दाराच्या फटीतनं बघायची आन् मला माझाच डबा दिसायचा.

"अवो, त्या गाड्या कुटंतरी ढकलून या," मी पाया पडले.

"आडत्याच्या पोराकडनं लिहून आणतो. मग रीतसर नंबर घेऊ."

"तवर तुमालाच नेलं म्हंजे? मी काय नंबर चाटत बसू?"

मालक परत गाडीखाली शिरले.

खंडेनवमीच्या आधी गाडीचं इंजिन सुरू झालं. मालक अंगणात उभे राहून रडले, खरंच सांगते. मग पूजा टाळायची कशी? घोंगडीवर नटबोल्टांचे पाने, पक्कड, जॅक, घण मांडले. सगळ्यांना इभूतीचे पट्टे ओढले, झेंडू वाहिला. गाडीलाबी हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आन् गाडी हातभर पुढं घेतली. आमच्यात खंडेनवमीला हत्यार पूजेला मांडलं की दसरा होईस्तोवर त्याला कुणी हात लावायचा न्हाय. हत्यार इसाव्याला बसलेलं असतंय.

पुरण शिजत व्हतं. तेवढ्यात बूट वाजले. साहेब, आन् आज बरोबर पोलिस. शिवा शिवा! सणाच्या दिवशी कचेरी बंद असंल असं धरून चाललो व्हतो आमी.

साहेब हाराकडं बघत राहिला. "भंगाराला हार घालता होय?"

मग खाली वाकला. चिरडलेलं लिंबू उचलून त्यानं मालकांपुढं धरलं. "गाडी चालते. म्हणजे खोटं बोललात. कागद नाहीत, म्हणजे चोरीचीही असेल. चला चौकीवर."

पोलिसानं मालकांचा दंड धरला. मास्तरांचाबी असाच धरला व्हता.

"साहेब, चोरीची न्हाय, शपथ घेतो," मालक म्हणाले.

"मग भंगारच आहे ना? फोडा. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर चला."

मालकांनी घणाकडं बघितलं. हात जोडले. "फोडतो साहेब. पण आज हत्यार पूजेत हाय. उद्या दसरा होऊ द्या, परवा तुमच्यासमोर फोडतो."

"बहाणे पुरे." पोलिसानं ओढलं. ह्यांची एक चप्पल निघून पडली.

"आवो, उचला की!" मी किंचाळले. "देवाला मी बघते, उचला!"

मालक हलले न्हाईत. मान खाली घालून पोलिसाबरोबर निघाले. नेऊ देतोय हा माणूस स्वतःला! मला भीतीनं काय सुचंना. मी घोंगडीवरनं घण उचलला. झेंडू पायाखाली गेला. पहिला घाव घातला तो पुढच्या पत्र्यावर, सकाळी मीच ओढलेल्या इभूतीवर. मग दिवे. मग काच. काचेसाठी मालक किती वणवण फिरले व्हते ते मला ठाऊक व्हतं.

"पुरे बाई, पुरे," साहेब म्हणाला असं वाटतंय. मला पुरे नव्हतं. जरा थांबले तर ह्यांना नेतील, असंच डोक्यात. श्रावणापासून पोटात साठलेलं भ्या हातात उतरलं व्हतं. गाडीचं दार ठोकलं. टप ठोकला. डोळे मिटून ठोकत राहिले.

कुणीतरी मागनं हात धरला.

"सोडा!" मी ओरडले. "साहेब बघतोय!"

"गौरम्मा," मालक म्हणाले, "साहेब कवाच गेला. तू थांबंनास."

डोळे उघडले तर दार सताड उघडं, अंगणात आमी दोघंच. दाराबाहेर कमलम्मा डबा घेऊन उभी व्हती, माझ्याकडं बघत. मालकांना नेलं नव्हतं, ते माझ्याजवळच व्हते. त्यांनी माझं एकेक बोट सोडवायला घेतलं, पण घणावरची मूठ काय उघडंना.