शशधर मिस्त्रीचा गुण्या

मित्रांनो, मी एक जुना पोलादी गुण्या आहे. गवंड्याच्या हातात असतो तो मोठा लाकडी गुण्या तुम्ही पाहिला असेल. मी त्याचा धाकटा भाऊ, तळहातावर मावेन एवढाच. एक जाड दांडा, त्यात घट्ट बसवलेलं पातळ पातं आणि दोघांच्या मध्ये काटकोन. तो काटकोन हाच माझा प्राण. लोखंड कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसाला सरळ कोणतं आणि तिरकं कोणतं ते सांगायचं, एवढ्यासाठी मी जन्मलो.

माझा जन्म हावड्यातल्या दासनगरचा. तिथल्या गल्ल्यांत सकाळपासून लेथ फिरतात आणि माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. शशधर कर्मकार तेव्हा नुकताच कामाला लागला होता. त्याला पत्र्यावर आखणी करायची फार हौस होती, पण त्याचे उस्ताद त्याला आखणीला हात लावू देईनात. ते म्हणाले, "आधी स्वतःचा गुण्या घडव. दुसऱ्याच्या काटकोनावर जगणारा मिस्त्री होत नसतो."

शशधरने मोडक्या करवतीचं पातं घेतलं आणि भंगारातल्या आसाचा एक तुकडा मिळवला. मग कानस सुरू झाली. सपाट लोखंडी पाटावर निळा रंग फासायचा, त्यावर मला घासायचं, जिथे निळं लागेल तो उंचवटा. तो कानशीने उतरवायचा आणि पुन्हा घासायचं. त्याची बोटं इतकी निळी झाली की त्याची आई म्हणायची, हा लोखंडाचं काम करतो की धोब्याचं? शेवटी त्याने माझं पातं दांड्यात बसवून रिव्हेट ठोकले आणि मला परीक्षेला बसवलं.

गुण्याची परीक्षा सोपी असते, मित्रांनो. पत्र्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवायचा आणि एक रेघ ओढायची. मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकीत एक मिसळल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा. माझ्या दोन्ही रेघा एक झाल्या. उस्तादांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिलं, आणि मातीच्या कपातला आपला अर्धा चहा त्यांनी शशधरपुढे सरकवला.

पुढे शशधरने स्वतःचं छोटं दुकान टाकलं. लाकडी पेटीत माझ्याबरोबर रेघ ओढायची टोकदार सळई, म्हणजे आखणी होती, कंपास होता, खूण ठोकायचा पंच होता, पोलादी पट्टी होती. पण पेटी उघडली की आधी हात माझ्याकडे यायचा. घासलेल्या पत्र्यावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की पत्रा तांब्यासारखा लाल व्हायचा. मग मी कडेला टेकायचो, आखणी माझ्या अंगाला घासत जायची आणि त्या लाल रंगात चांदीसारखी रेघ उमटायची. त्या रेघेवर शशधरचा जीव होता.

रेघ शशधरची आणि जोड इद्रिसचा. इद्रिस मोल्ला वेल्डिंग करायचा. दोघं गल्लीत एकत्र वाढले होते. शशधर आखून, कापून द्यायचा आणि इद्रिस काळी काच डोळ्यांपुढे धरून जोडत जायचा. तापलेलं लोखंड ओढ घेतं, कुठूनही वाकतं, पण इद्रिस आधी इथे एक टाका, मग समोर एक टाका असं करत ते असं जोडायचा की लोखंडाला वाकायला सवडच मिळू नये. शशधर फार कौतुक करणारा नव्हता. इद्रिस मात्र चेष्टा केल्याशिवाय राहायचा नाही. "शशीची रेघ म्हणजे सासूचा शब्द," तो म्हणायचा. "तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. जन्म गेला माझा हिच्यामागे चालण्यात."

शशधरची बायको पारुल दुपारी दोघांचा डबा आणायची. ईदला इद्रिसची बायको रोकेया शेवयांचं भांडं पाठवायची आणि पारुल ते रिकामं परत द्यायची नाही, नारळाचे लाडू भरून द्यायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मला वाटायचं, हेही रिव्हेट ठोकल्यासारखंच पक्कं आहे.

भाद्रपदाच्या शेवटी तिकडे विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी यंत्रं बंद, आकाशात पतंग आणि आम्ही हत्यारं पाटावर. त्या वर्षी आम्हाला धुऊन पुसायला पारुल बसली होती. ओला, तेलकट मी तिच्या हातातून निसटलो आणि दांड्याच्या टोकावर दगडी फरशीवर आदळलो. तिने लगेच उचललं, उलटसुलट करून पाहिलं. पातं मोडलं नव्हतं, चरा नव्हता, साधा पोचाही दिसत नव्हता. तिने मला पुसलं, शेंदराचं बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि ती खिचडीकडे बघायला उठली. तिचा काही दोष नव्हता. माणसाला मुका मार लागला तर तो विव्हळतो तरी. माझ्या आत काय हललं ते फक्त मला कळलं, आणि मला तोंड नाही.

मित्रांनो, ती चूक केसाएवढी होती. छोट्या कामात ती कुणाच्या नजरेला आली नसती. पण तेव्हा दुकानात पाड्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, क्लबच्या फाटकाचं काम होतं. दुर्गापूजेच्या तोंडावर, महालयेच्या दिवशी ते मैदानाला बसवायचं होतं. दोन झडपांचं, उंच, वर सूर्याची किरणं काढलेलं. कोपऱ्यात मला टेकवून शशधरने रेघ काढली आणि तीच पुढे पट्टीने लांबवत नेली. माझ्यापाशी केसाएवढी असलेली चूक तिकडच्या टोकाला बोटभर झाली. एरवी तो दोन्ही कर्ण मोजून बघायचा. पण त्या दिवसांत वीज सारखी जायची, वीज आहे तोवर जोड उरकायचे होते, आणि कर्ण राहून गेले. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

महालयेला सगळा पाडा जमला. फाटक टांगलं, झडपा ओढल्या. वर त्या एकमेकींवर घासल्या आणि खाली मांजर जाईल एवढी फट राहिली. क्लबचे चिटणीस म्हणाले, "वा, मिस्त्री. दुर्गामातेला आडवं होऊन यावं लागणार म्हणायचं." लोक हसले. पोरं फटीतून पाय घालून दाखवू लागली.

शशधरचा चेहरा काळा पडला. आयुष्यात त्याच्या कामाला कुणी हसलं नव्हतं. त्याने जोडावरून हात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत इद्रिसला म्हणाला, "उष्णतेने ओढलंय. तुझं लक्ष नव्हतं."

इद्रिस फाटकाजवळ उकिडवा बसला, बराच वेळ जोड बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "जोड ओढलेला दिसत नाही, शशी. एकदा गुण्या उलटून बघ."

एवढंच म्हणाला तो. मी तिथेच होतो, शशधरच्या खिशात. मला वाटलं, आता हा मला बाहेर काढेल. एक खडू आणि एक सरळ फळी, एवढ्याने सगळं निस्तरलं असतं. पण शशधरला ते शब्द झोंबले. "हा गुण्या मी माझ्या हाताने घडवलाय," तो म्हणाला. "त्याच्यावर संशय घेण्याआधी स्वतःकडे बघ. तुझा हात गेलाय, इद्रिस. आता वेल्डिंग सोड आणि घरी बसून चूल पेटव."

इद्रिस उठला. दुकानात जाऊन त्याने काळी काच खिळ्याला अडकवली, आपला डबा घेतला आणि निघून गेला.

पारुलने शशधरला पुष्कळ सांगून पाहिलं. रागाच्या भरात माणूस बोलतो, जाऊन चार शब्द बोलून या, म्हणाली. तो म्हणायचा, त्याने यावं. मग ईद आली. पारुलने भांडं घासून पालथं घालून ठेवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ती दारातून आत-बाहेर करत होती. शेवया आल्या नाहीत. थोड्या दिवसांनी कळलं, इद्रिस घर सोडून नदीपलीकडे मेटियाब्रुजला सासरच्या माणसांकडे गेला.

वर्षं गेली. दुकानात दुसरे वेल्डर आले आणि गेले. कधी टेबल डुगडुगायचं, कधी झाकण बसायचं नाही. दर वेळी शशधर वेल्डरवर ओरडायचा, हल्लीच्या लोकांना हातच नाही म्हणायचा, आणि मला मऊ फडक्याने पुसून पेटीत ठेवायचा. त्या फडक्याचा स्पर्श मला जाळायचा, मित्रांनो. ज्याच्यामुळे घर फुटलं त्यालाच तो कुरवाळत होता.

एका दुपारी पेटी शेजारी ठेवून तो घरी जेवायला बसला असताना असाच कुणावर तरी चिडून बोलत होता. पारुल मासे साफ करत होती. ती सहज म्हणाली, "सारखं दुसऱ्यांना काय बोलता? तुमचा तो गुण्या तरी धड आहे का? फाटकाच्या वर्षी पूजेला माझ्या हातून पडला होता."

शशधरचा हात ताटात थांबला. "कधी?"

"सांगितलं ना, विश्वकर्मा पूजेला. काही झालं नव्हतं त्याला. धुऊन-पुसून ठेवला होता मी."

तो खरकट्या हाताने उठला. पत्र्याचा तुकडा घेतला, मला कडेला लावलं आणि एक रेघ ओढली. मला उलटं केलं. दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघा खाली एका जागेतून निघाल्या आणि वर चिमणीच्या चोचीसारख्या उघडल्या.

पारुलने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काही नाही." तिला तो एका शब्दाने बोलला नाही. पण ताटातला भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला खिशात घातलं आणि लाँचने नदी ओलांडली. मेटियाब्रुजच्या गल्ल्यांत घरोघर शिलाई चालते. विचारत विचारत तो रोकेयाच्या दारात पोचला. ती लहान मुलींच्या फ्रॉकना बटणं लावत बसली होती. तिने त्याला ओळखलं, पदर सारखा केला आणि बसायला पाट दिला.

"इद्रिस कुठाय, भाबी?"

"ते गेले, दादा. मागच्या थंडीत. छाती भरून आली होती." तिने दोरा तोडला. "तुम्हाला कळवायचं मनात होतं. पण म्हटलं, कशाला?"

तिने चहा केला. मग न विचारताच बोलू लागली. इथे आल्यावर इद्रिसने पुन्हा वेल्डिंगला हात लावला नव्हता. जवळच लोखंडाचं एक मोठं दुकान होतं, मालक घरी येऊन बोलावून गेला होता, तरी गेला नाही. शिवलेल्या कपड्यांना इस्त्री करायचं काम त्याने धरलं आणि शेवटपर्यंत तेच केलं.

"मी भांडायचे त्यांच्याशी," ती म्हणाली. "म्हणायचे, एवढा हुन्नर आहे तुमच्या हातात आणि फ्रॉक कसले दाबत बसता? तर म्हणायचे, शशीची रेघ चुकणं शक्य नाही. मी उगाच त्याच्या गुण्याला नाव ठेवलं. तो बरोबर बोलला, माझाच हात गेलाय."

मित्रांनो, मी पोलादाचा आहे. तरी त्या वेळी मला वाटलं, माझे रिव्हेट तुटून पडावेत.

शशधरने मला बाहेर काढलं. कापड बेतायची लांब फळी भिंतीला टेकवलेली होती. ती त्याने आडवी घेतली, रोकेयाचा खडू घेतला आणि तिच्यासमोर एक रेघ काढली. मला उलटून दुसरी काढली. "हे बघा, भाबी," तो म्हणाला. "हात नव्हता गेला त्याचा. हा खोटा होता. मी एकदा उलटून बघितलं नाही."

रोकेया फाकलेल्या रेघांकडे बघत राहिली. रोज कापड बेतणारी बाई ती, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. मग ती म्हणाली, "मला कळतंय, दादा. पण मला कळून काय उपयोग? हे ज्याला कळायला हवं होतं तो कानांनी ऐकायला राहिला नाही."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर शशधरला बरं वाटलं असतं. तिने ओला बोळा घेतला आणि फळीवरचा खडू पुसून टाकला, कारण संध्याकाळी त्याच फळीवर पांढरं कापड पसरायचं होतं.

घरी आल्यावर शशधर कितीतरी दिवस माझ्यावर काम करत बसला. रिव्हेट काढले, पातं नव्याने बसवलं, निळा रंग, कानस, सगळं पुन्हा. आता मी अगदी अचूक आहे. दासनगरमध्ये माझ्याइतका खरा गुण्या क्वचितच सापडेल. पण त्यानंतर त्याने माझ्या कडेने एकही रेघ ओढली नाही. दुकान दुसऱ्याला दिलं आणि मला पेटीसकट घरात फळीवर ठेवलं. कधी कधी पारुल धूळ पुसायला मला उचलते, तेव्हा दोन्ही हातांनी धरते.

मित्रांनो, हत्यारं जपा. हातातून पडली तर लपवू नका आणि वरून शाबूत दिसली म्हणून विसरू नका, पुन्हा तपासा. आणि काही वाकडं झालं, तर समोरच्या माणसाला बोल लावण्याआधी आपल्या खिशातला गुण्या एकदा उलटून बघा. त्याला दोन रेघांएवढाच वेळ लागतो. मी सरळ झालो, पण इद्रिसला ते सांगायला शशधरजवळ आता कोणतीही वाट नाही.