गाळून टाकायचा आवाज

माझ्या भावाची, ओरेस्तेची, नाव गेल्या हिवाळ्यात पाल्मारिया बेटापलीकडे बुडाली. नाव मिळाली नाही, तोही नाही. ईस्टरआधीच्या उपवासात एका सकाळी प्रार्थना आटोपून मी प्रयोगशाळेत आले, हेडफोन लावले आणि त्याच नावेचं इंजिन ऐकलं.

इटलीतल्या स्पेत्सियाच्या आखातात आमची प्रयोगशाळा अनेक देशांच्या लष्करी युतीसाठी समुद्र ऐकते. तळाशी मायक्रोफोन आहेत. कुठला आवाज पाणबुडीचा, कुठला देवमाशाचा, कुठला मच्छीमाराचा, हे आम्ही यंत्रांना शिकवतो. त्यासाठी नमुने लागतात. एकदा मीच ओरेस्तेला मायक्रोफोनवरून फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

"ताई, एवढे देश मिळून माझ्या इंजिनाचा खोकला ऐकणार? मग औषधही पाठवा म्हणावं," तो म्हणाला होता.

खोकला तोच. मी जुना नमुना लावून ताडून पाहिला. फरक इतकाच, की आवाज आता तळावरून येत होता, आणि इंजिन काहीतरी ओढत असल्यासारखं जड चाललं होतं.

कुणाला बोलले नाही. तो रोज सकाळी शिंपले वाढवायला पाण्यात सोडलेल्या दोरांखालून यायचा आणि निघून जायचा. मी लवकर येऊन बसू लागले.

मग आमचे प्रमुख हाल्वार यांचा मसुदा आला: तळावरून येणारे असे आवाज हा यंत्राचा दोष आहे, सगळ्या देशांच्या यंत्रांनी ते आपोआप गाळून टाकावेत. युतीत मतदान होत नाही. ठरल्या वेळेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, की सगळ्यांची संमती धरतात. वेळ दुपारी बाराची होती. त्यानंतर ओरेस्ते कुणालाच ऐकू येणार नव्हता.

मी हरकत पाठवली: हा दोष नाही, ही नाव माझ्या ओळखीची आहे.

हाल्वार स्वतः आले. दार लोटून घेतलं.

"निवेस, हरकत मागे घ्या."

"तो माझा भाऊ आहे, सर."

"असेल."

मला वाटलं होतं, हसतील.

"उत्तरेकडच्या समुद्रातल्या मायक्रोफोनवर माझे वडील ऐकू येऊ लागले," ते म्हणाले. "मी शाळेत असताना नावेसकट बुडाले. तुमचा भाऊ येतो आणि जातो ना? ते परत जात नाहीत. दर आठवड्याला थोडे दक्षिणेला सरकतात. गेल्या महिन्यात पोर्तुगालवाल्यांनी कळवलं, त्यांच्याकडून पुढे गेले."

"इकडे कशाला येतील?"

"मी इकडे आहे."

"आवाज गाळला तर थांबतील?"

"नाही. पण मला कळणार नाही."

"आणि ते इतक्या लांबून आल्यावर बघतील, की कुणी ऐकतच नाही," मी म्हणाले. "नाही सर. मागे नाही घेणार."

गावातल्या चर्चची घंटा बाराला वाजली. हरकत तशीच राहिली, मसुदा पडला. मी त्यांना खुर्ची ओढून दिली, दुसरे हेडफोन दिले.

"नाव काय वडिलांचं?"

"आइनार."

मी मनातल्या मनात दोघांसाठी प्रार्थना सुरू केली. ओरेस्ते एवढ्या उशिरा कधी येत नसे. आज आला, खोकत, हळूहळू, मागून येणाऱ्याला वाट दाखवावी तसा. त्याच्यामागे दुसरं इंजिन होतं, मी कधी न ऐकलेलं. हाल्वार यांनी डोळे मिटले.

दोन्ही इंजिनं आमच्या खिडकीखालच्या धक्क्यापाशी आली. आधी एक बंद झालं, मग दुसरं.

हाल्वार यांनी हेडफोन काढून ठेवले, शर्टाची वरची बटणं लावली, केस नीट केले आणि धक्क्याकडे निघाले.