वास्कोला गेलेला मुलगा

प्रज्योतने रात्रीच ठरवलं होतं: घर.

वास्कोच्या एका शिपिंग कंपनीत तो मालाचे कागद तयार करायचा. साथ आली तेव्हापासून हे काम मुळगावच्या घरातल्या मधल्या खोलीत चाललं होतं. आता कंपनी प्रत्येकाला विचारत होती, घरून करणार की ऑफिसात येणार. एकदा सांगितलं की येत्या सोमवारपासून वर्षभर तेच. ऑफिस म्हणजे डिचोलीला एक बस, तिथून पणजी, पणजीहून वास्को, आणि संध्याकाळी तेच उलटं. त्या दिवसांत रविवारी तो नुसता झोपायचा. घरी दमणूक नव्हती असं नाही. पोदेराकडून उंडे पाव घे, सिलिंडर उतरवून घे, काकांचं विजेचं बिल भर. घरात आहे म्हणजे मोकळा आहे, असं सगळ्यांनी धरलेलं. तरी पाठ शाबूत होती.

अडचण वेगळीच होती. मुळगावात ‘घरी बसला’ याचा एकच अर्थ होता. खाण बंद पडली तेव्हा वडील, गोकुळदास, घरी बसले. निम्मी वाडी बसली. म्हणून आई, विनोदिनी, अजून सकाळी डबा भरायची. एक नव्हे, दोन. प्रज्योत घरून काम करू लागला तसा वडिलांनी खाणीवरचा आपला जुना डबाही माळ्यावरून काढायला लावला होता. दुपारी बाप-लेक समोरासमोर बसून डब्यातलं जेवत. दुपारी ताटात जेवतो तो घरी बसलेला, असं वडिलांचं म्हणणं.

त्या बुधवारी प्रज्योतची मीटिंग चालू असतानाच वडिलांचे खाणीवरचे सोबती बाबली खिडकीबाहेरच्या सोप्यावर येऊन टेकले.

“झील खंय?” त्यांनी मुलाची चौकशी केली.

“कामाक गेलो. वास्कोक,” वडील म्हणाले. “सकाळच्या बशीन.”

खिडकीला नुसता पडदा होता. प्रज्योतने माइक बंद केला आणि आलेला खोकला गिळला. पाण्यासाठी उठणंही शक्य नव्हतं. बाहेर वडील सांगत होते, बसला गर्दी फार, पणजीला जागा मिळाली तर नशीब, पोरगा अगदी दमून येतो. स्वतःच्या नोकरीबद्दल ते कधी इतकं भरभरून बोलले नव्हते.

मीटिंगमध्ये कंपनीच्या सुविधा मॅडम एकेकाला घर की ऑफिस विचारत त्याच्यापर्यंत आल्या. त्याने ‘घर’ टाइप केलं.

“प्रज्योत, लिहू नकोस, तोंडाने सांग,” त्या म्हणाल्या. “लिहून लोक मागाहून फिरतात. आहेस की झोपलास?”

बाहेर वडील अजून बसमध्येच होते, आता परतीच्या. प्रज्योतने लिहिलेलं खोडलं, माइक चालू केला आणि जमेल तितक्या हळू म्हणाला, “ऑफिस.”

सोप्यावरचं बोलणं थांबलं.

“वास्को हल्ली बराच जवळ इला मरे, गोकुळदास,” बाबली म्हणाले, आणि चपला पायात सरकवून निघाले.

जेवायला बसल्यावर वडिलांनी बराच वेळ डबा उघडला नाही.

“काय सांगलंस तेंका?”

“ऑफिस.”

“माका वाटलेला, घर म्हणशील.”

“माका पण.”

वडिलांनी झाकण काढलं, भातावर माशाचं हुमण ओतलं. “बरा केलंस,” ते म्हणाले. दोन घास झाल्यावर, विनोदिनीकडे न बघता, त्यांनी सांगितलं, “सोमारपासून माका ताटात वाढ.”