अकरा अप्रत्यक्ष कर

खर्चात दहा टक्के कपात करण्याचा आदेश सोमवारी आला आणि मंगळवारी सकाळी पाणी तपासणी प्रयोगशाळा दहा टक्क्यांनी आखूड झालेली होती. तिथली रसायनतज्ज्ञ लतिका सोनटक्के हिने टेप लावून मोजलं. वीस मीटरची खोली अठरा भरली. टेप ताणला गेला असेल म्हणून तिने दुसऱ्या टेपने मोजलं. पुन्हा अठरा. खिडक्या पाचच्या पाच होत्या, पण बाकावर तिसरीला जागा करून देताना बायका सरकतात तशा एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

"तुमच्या नावातच टक्के, मॅडम. नजर लागली वरच्यांची," शिपाई तांबोळीमामा म्हणाले.

"टक्के गेले, मामा. सोनं शाबूत आहे."

"ते कधी होतं?"

आदेश दर महिन्याला येत राहिला. पुढच्या महिन्यात खोली सोळा मीटर वीस सेंटिमीटर झाली, मग चौदा अठ्ठावन्न. दोन तंत्रज्ञांची पदं त्यांच्या टेबलांसकट गेली. लतिकाने आलेख काढून भिंतीवर लावला. दर वेळी उरलेल्यातलेच दहा टक्के जात होते, म्हणजे शून्य कधीच येणार नव्हतं. एवढ्यावर ती महिनाभर समाधानी राहिली.

"शून्य येणार नाही हे खरं," तांबोळीमामा आलेखाकडे बघत म्हणाले, "पण मी मावलो पाहिजे ना."

चौथ्या महिन्यात आकडा चुकला. तेरा मीटर बारा यायला हवे होते, आले तेरा चाळीस. अठ्ठावीस सेंटिमीटर जास्तीचे कुठून आले, हे शोधल्याशिवाय लतिकाला चैन पडेना. तिने पूर्वेची भिंत तळव्याने चाचपायला सुरुवात केली. खांद्याच्या उंचीवर तिच्या बोटांना बोटं लागली. ऊबदार होती, कामाने राठ झालेली होती, आणि भिंतीला आतून रेटून धरून उभी होती. डोळ्यांना मात्र तिथे काही दिसत नव्हतं.

"ते होय?" तांबोळीमामांनी चहा ओतता ओतता सांगितलं. "अप्रत्यक्ष कर ते. पहिल्यापासून आहेत. सगळं त्यांच्यावरच उभं असतं, मॅडम. खोली मोठी असली की कळत नाही, एवढंच."

लतिकाने ते मोजले. अकरा होते, सात उजवे, चार डावे. हळूहळू तिला ते ओळखू यायला लागले. एकाच्या तर्जनीला सुई टोचून टोचून घट्टा पडला होता. एकाला तंबाखूचा वास होता. एकाच्या अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा गुळगुळीत डाग होता आणि मनगटावर बांगड्यांनी पाडलेली खाच होती. हा हात भिंत धरून झाली की परीक्षानळ्या धुवायचा, आणि त्या इतक्या लख्ख निघायच्या की लतिकाने गेल्या वीस वर्षांत तशा पाहिल्या नव्हत्या.

हातांना कान नसतात, त्यामुळे "आभारी आहे" म्हणून काही उपयोग नव्हता. मग ती संध्याकाळी घरी जाण्याआधी एकेका हाताची बोटं आपल्या मुठीत धरायची आणि हलकेच दाबायची. अकराही हात उलटून दाबायचे. एवढं झालं की दिवस कारणी लागल्यासारखा वाटायचा. तिला आजवर मिळालेल्या कुठल्याही पगाराने असं वाटलं नव्हतं.

वीस कपाती झाल्या. आलेखाप्रमाणे खोली अडीच मीटरही उरायला नको होती. ती चार मीटर होती. वरचा दीड मीटर सगळा हातांचा. त्यात एक टेबल, पाण्याचे नमुने, तांबोळीमामा आणि ती व्यवस्थित मावत.

अशात वार्षिक माहितीपत्रक आलं. चौदाव्या रकान्यात विचारलं होतं: कार्यालयात कार्यरत अप्रत्यक्ष कर, संख्या.

"तिथं निरंक लिहायचं असतं," तांबोळीमामा म्हणाले. "सगळीकडे निरंकच लिहितात."

पण लतिकाने हात मोजलेले होते. मोजलेल्या गोष्टीपुढे निरंक लिहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने अकरा लिहिलं आणि कंसात सात उजवे, चार डावे अशी भर घातली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कातळवस्तीच्या केवळाबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या. हा त्यांचा तिसरा महिना. लागोपाठ तीन महिन्यांचे तीन अहवाल वाईट आले की विहीर बंद करून वस्तीला दुसरं पाणी द्यावं लागतं, असा नियम होता. दोन वाईट आले होते. केवळाबाईंची सात वर्षांची नात अलीकडे गुडघे जुळवून चालायला लागली होती आणि तिचे नवे दात तपकिरी होऊनच उगवत होते.

केवळाबाईंनी बाटली डाव्या हाताने टेबलावर ठेवली. उजवी बाही मनगटापाशी संपत होती आणि पुढे काही नव्हतं.

"हाताला काय झालं, मावशी?"

"हितंच असंल कुठंतरी," केवळाबाई खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या. "साबण घेतला की थोडा जायचा. चप्पल घेतली की थोडा. सांजच्याला यायचा माघारी. दिवाळीला सगळ्यांना कापडं घेतली, तवापासून आलाच न्हाई."

लतिकाने परीक्षानळ्यांच्या मांडणीकडे हात नेला आणि भाजल्याचा डाग चाचपून पाहिला. मग तिने केवळाबाईंचा डावा हात धरून त्या डागावर टेकवला.

"हा माझाच," केवळाबाई म्हणाल्या. "दूध उतू गेलं तवाचा डाग. काम करतो का नीट?"

"सगळ्यांत नीट."

"घरी न्हाई करत इतकं," केवळाबाई म्हणाल्या आणि खूश होऊन हसल्या.

तेवढ्यात लेखाधिकारी अडसूळ अंग तिरकं करून दारातून आत आले. सभ्य गृहस्थ होते. सगळ्यांना नमस्कार करून त्यांनी माहितीपत्रक टेबलावर पसरलं.

"मॅडम, तुम्ही अकरा लिहिलंत. पूर्ण विभागात तुम्ही एकट्याच."

"अकराच आहेत."

"असतील ना. पण आता धोरण बदललंय. अप्रत्यक्ष कर कमी करायचेत. ज्याचा हात त्याला परत. बाकीची कार्यालयं निरंक आहेत, त्यामुळे तिथे परत द्यायला काही नाही. तुमच्याकडे अकरा आहेत. मी शिक्का मारला की ते निघतील."

"चांगलं धोरण आहे," लतिका म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं. "मग भिंती कोण धरणार?"

"प्रत्यक्ष कर."

"ते कुठे आहेत?"

अडसूळांनी आपले दोन्ही पंजे पुढे करून दाखवले. "हे आहेत की. पण मला दिवसभर सह्या असतात." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "अजून वेळ आहे. अकरावर काट मारा, निरंक लिहा, आद्याक्षरी करा. मी पाहिलं नाही."

"लिवा की," केवळाबाई म्हणाल्या. "माझ्या हाताचं काय घेऊन बसलाय? पोरीच्या पाण्याचं बगा."

"निरंक लिहिलं, मावशी, तर तुमचा हात इथे कधी नव्हताच असं होईल."

केवळाबाईंनी नळ्यांकडे पाहिलं. त्या उन्हात चमकत होत्या.

"मग नको," त्या म्हणाल्या. "व्हता की."

लतिकाने अडसूळांकडे अर्धा तास मागून घेतला. तो त्यांनी लगेच दिला आणि तांबोळीमामांचा चहाही घेतला. तिने नमुना मोजून नळीत घेतला. केवळाबाईंच्या हाताने नळी सरळ धरली. ती हवेत अधांतरी उभी दिसत होती. लतिकाने लाल रंगद्रव्याचे थेंब सोडले. पाणी जितकं वाईट तितका हा लाल फिका पडतो. बघता बघता तो गुलाबी झाला, मग लहान मुलाच्या नखासारखा. लिटरमागे चार पूर्णांक दोन मिलिग्रॅम फ्लोराइड. दीडच्या वर चालत नाही. तिने आकडा अहवालात लिहिला.

"झालं?" अडसूळांनी विचारलं.

"सही राहिली."

"ती इथेच करावी लागेल, मॅडम. प्रयोगशाळेबाहेरची सही धरत नाहीत." घड्याळात अर्धा तास संपलेला पाहून त्यांनी खिन्नपणे शिक्का मारला.

हात निघाले. जाताना एकेकाने लतिकाची बोटं शोधून दाबली, आणि तिने मोजत मोजत प्रत्येकाची दाबली. घट्ट्याचा हात गेला, तंबाखूचा गेला. थोपवलेल्या कपाती एकामागून एक आत यायला लागल्या. अडसूळ अंग तिरकं करून सुटले. तांबोळीमामांनी आधी केटली बाहेर काढली, मग केवळाबाईंना, मग स्वतःला. "मॅडम, या ना! नाही मावणार तुम्ही!" ते बाहेरून ओरडले. टेबल कर्कश आवाज करत एका कडेवर उभं राहिलं. अकरावा हात गेला तेव्हा पूर्व आणि पश्चिम भिंत लतिकाच्या दोन तळव्यांवर येऊन थांबली. अहवाल तिच्या छातीशी टेबलाच्या कडेवर अडकला होता आणि पेन त्याच्यावर होतं.

दार आता टपालपेटीच्या फटीएवढं राहिलं होतं. त्या फटीतून एक उजवा हात आत आला. अंगठ्याच्या मुळाशी डाग होता, मनगटावर खाच होती, आणि पहिल्यांदाच तो सबंध दिसत होता. सावळा, नखांत माती असलेला. लतिका त्याच्याकडे बघत राहिली.

"आला वो माझा," बाहेरून केवळाबाई म्हणाल्या. "कुठं धरू सांगा. तवर सही करून घ्या."

"उजवीकडे. माझ्या हाताखाली." तिच्या लक्षात आलं की या हाताला आता कान आहेत. "आभारी आहे, मावशी. खूप दिवसांपासून म्हणायचं होतं."

"मला काय म्हणताय, पाणी तर माझंच हाय. करा लौकर."

तळवा भिंतीला टेकला. लतिकाने आपला उजवा हात अलगद काढून घेतला. भिंत करकरली, एक सेंटिमीटर आत आली आणि थांबली. तिने पेन उचललं. त्याचं टोपण घट्ट बसलेलं होतं आणि ते काढायला दुसरा हात लागत होता. तिने टोपण दातांत धरलं आणि ओढलं.