बिल्ला ज्याच्या कानात

मारोतरावाचा बैल पवळ्या साप चावून मेला, तोही नेमका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला. जोडीतला एक गेला की बैलबंडी उभीच राहते, आणि मारोतरावाचं पोट इतवारी बाजारातली पोती वाहण्यावर. पण बँकेनं बैलाचा विमा करवला होता. त्या पैशात दुसरा बैल येईल म्हणून तो डोळे पुसत विम्याच्या ऑफिसात गेला.

आगीच्या विम्याच्या खिडकीपुढे तासभर, मग जिवाच्या रांगेत दोन तास. तिथल्या बाबूनं विचारलं, "मयत कोण?"

"लेकासारखा होता जी."

वारसाचं नाव लिहून झाल्यावर बाबूला कळलं, की मयताला चार पाय होते. त्यानं कागद फाडला. "जनावराचा क्लेम वेगळा. मागच्या खोलीत जा."

मागच्या खोलीतल्या साहेबानं डॉक्टरचा दाखला पाहिला, पंचनामा पाहिला. "कानातला नंबराचा बिल्ला?"

"काढला ना साहेब. पोळ्याले बैलाच्या अंगावर जुनं काई ठेवत नाही आमी. वेसण नवी, दावं नवं. कानबी पिकला होता बिचाऱ्याचा."

"मग आहे कुठे?"

"घरी. नातीच्या लाकडी बैलाले माह्या बायकोनं, कुसुमनं घालून देला, तान्ह्या पोळ्यात मिरवाले."

"बिल्ला ज्याच्या कानात, विमा त्याचा. घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मारोतरावानं चाकांसकट लाकडी बैल साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेबानं नंबर रजिस्टरशी ताडला, बैलाच्या पाठीवर बोटानं टकटक केलं.

"नंबर बरोबर. जनावर धडधाकट. क्लेम कशाचा मागता?"

"काहून थट्टा करून राहिले जी? पवळ्याले मी माह्या हातानं पुरला!"

"पुरला तो बिनबिल्ल्याचा. विम्याचा बैल हा, समोर उभा आहे." साहेबानं रजिस्टर मिटलं. "याचा हप्ता तेवढा मार्चात भरा."

तिसऱ्या दिवशी इतवारीनं पाहिलं ते असं: जुवाखाली एकीकडे जोडीतला उरलेला चांद्या, दुसरीकडे मारोतराव, आणि कासरा कुसुमताईच्या हातात. पानठेल्यावरचा नत्थू ओरडला, "मारोतराव, नवा बैल लय गरीब दिसते गा! विमा केला का याचा?"

मारोतरावानं त्याच्याकडे पाहिलं नाही. जू मान वळवू देत नाही.

मागे पोत्यांच्या थप्पीवर लाकडी बैल बसला होता, बिल्ल्यासकट. विम्याचा बैल तो. त्याला कामाला जुंपून कसं चालेल?